घराचे रक्षण आणि कायद्याची मर्यादा

चोरदरोड्याच्या गोष्टी निघाल्या की बहुतेक घरांत दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, "आपल्या घरात शिरलेल्या चोराला गोळी घातली तर कायदा आपले काय करणार? घर आपले, माल आपला, जीवही आपला." दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो, "अहो, चोराला चापट मारली तरी उद्या पोलीस आपल्यालाच नेतील. त्यापेक्षा कपाटाच्या किल्ल्या त्याच्या हाती देऊन मोकळे व्हावे." हा वाद आम्ही आजवर किती ओट्यांवर बसून ऐकला असेल, त्याची गणती नाही. नवल एवढेच की, वाद घालणाऱ्यांपैकी कायद्याचे पुस्तक उघडून पाहिलेला मनुष्य क्वचितच आढळतो. वस्तुतः ही दोन्ही मते चुकीची आहेत; आणि ज्या घरात बंदूक आहे त्या घरास तर पहिले मत अत्यंत घातक आहे.

संस्कृत शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्या आमच्यासारख्या शिक्षकाने बंदुकीच्या कायद्यावर लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण घरगुती आहे. दक्षिण कोकणात आमचे मूळ घर आहे. तिकडे माकडे व रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेण्याची चाल जुनी आहे. तशी एक काडतुसाची बंदूक आमच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या, नावे होती. गेल्या माघात अण्णा निवर्तले. दिवसकार्य आटोपल्यावर या बंदुकीचे काय करावयाचे यावरून दोघा पुतण्यांत मतभेद झाला. थोरला गावीच राहून बागायत पाहतो. तो म्हणाला, "काका, बंदूक घराची आहे. अण्णांच्या मागे ती माझ्याकडे राहील. पलीकडच्या वाडीत दोन घरे फुटली आहेत. आम्ही रात्री काय हात जोडून बसावे?" धाकटा पुण्यास नोकरीला. त्याचे म्हणणे, "ती ब्याद घरात नकोच." दोघांनीही निवाडा आमच्यावर सोपविला. निवाडा करावयाचा तर आधी मूळ वचन पाहावे, ही आमची जुनी खोड. म्हणून आम्ही कायद्याची पुस्तके आणविली, वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यास चार वेळा त्रास दिला, आणि जे समजले ते येथे मांडीत आहो.

प्रथम दुसऱ्या पक्षाची भीती दूर करू. आत्मरक्षण हा गुन्हा नव्हे, हे आमच्या कायद्याने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. मेकॉलेसाहेबांच्या आयोगाने ज्याचा मसुदा १८३७ साली सादर केला, त्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ ही अकरा कलमे याच विषयाला वाहिलेली होती. ती संहिता १८६० साली संमत झाली आणि १८६२ च्या आरंभापासून अमलात आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तीच तत्त्वे आता ३४ ते ४४ या कलमांत, थोड्या शब्दभेदाने, आली आहेत. आपल्या व दुसऱ्याच्या देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मारेकऱ्यासमोरून पळून जाण्याचाच प्रयत्न केला पाहिजे, अशी सक्ती आमच्या कायद्यात नाही. इतकेच नव्हे, तर विशिष्ट प्रसंगी या हक्काच्या भरात हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा ठरत नाही.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीही हा प्रश्न सोडलेला नाही. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन हरण करणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे हरण करणारा असे सहा आततायी त्यांनी मोजले. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या विषयाचा ऊहापोह करताना, येणाऱ्याचे निवारण करणे वेगळे आणि त्याला ठार मारण्याचा हेतू धरणे वेगळे, या भेदाकडे लक्ष वेधले आहे. आजचा न्यायाधीशही थोड्याफार फरकाने हाच भेद शोधीत असतो, हे आम्हास कायदा वाचताना पदोपदी जाणवले.

आता हे विशिष्ट प्रसंग कोणते? देहाच्या बाबतीत, हल्ल्यामुळे मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, अथवा बलात्कार, अपहरण, ॲसिड फेकणे असले अत्याचार चालले असतील, तर हक्क प्राण घेण्यापर्यंत पोहोचतो. मालमत्तेच्या बाबतीत यादी त्याहून आखूड आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घरास किंवा कोठारास आग लावणे वा ते स्फोटकाने उडविणे, आणि ज्या चोरीत वा घरातील शिरकावात, प्रतिकार न केल्यास मृत्यू वा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती वाटावी, असे प्रसंग. एवढेच. दिवसाढवळ्या उघड्या दारातून आत येऊन तांब्या उचलून नेणारा चोर या यादीत बसत नाही. झाडावरचे हापूस उतरवून नेणाराही बसत नाही. त्यांना अडविता येते, धरता येते, वेळी दोन रट्टे देता येतात. परंतु त्यांच्यावर गोळी झाडली आणि ते मेले, तर गोळी झाडणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि आंब्यांची किंमत त्याला तेथे उपयोगी पडत नाही.

यादीत बसणाऱ्या प्रसंगासही तीन मर्यादा आहेत. पहिली, पोलिसांचे साहाय्य मिळविण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. दुसरी, बचावास जरूर असेल त्याहून अधिक इजा करता कामा नये. आणि तिसरी, जी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, ती काळाची. देहाविषयी वाजवी भीती उत्पन्न होताच हक्क सुरू होतो आणि ती भीती असेतोवरच तो टिकतो. रात्रीच्या घरफोडीत चोर घरात असेतोपर्यंत हा हक्क चालतो. चोर अंगणाबाहेर पळाला, हातातील कोयता टाकून त्याने पाय धरले, किंवा तो जखमी होऊन पडला, की मघाशी जे रक्षण होते ते पुढच्या क्षणी सूड होते. काठी धरलेल्या माणसास या दोन क्षणांमध्ये थांबावयास थोडी तरी जागा असते. बंदुकीच्या चापावर बोट असलेल्यास ती मुळीच नसते. बंदुकीचा खरा धोका आम्हास येथे दिसतो.

दोन निकाल सांगितले म्हणजे हे अधिक उमजेल. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातील शेतजमिनीच्या तंट्याचे एक प्रकरण आले होते. निकालपत्र लिहिले ते मूळचे साताऱ्याचे व पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. एका पक्षाजवळ बंदुका होत्या. दुसऱ्या पक्षाची माणसे पळू लागल्यावरही त्या थांबल्या नाहीत. न्यायालयाने सांगितले की, हल्ल्याचे भय संपले तेथेच हक्क संपला. पळणाऱ्यावर झाडलेली गोळी आत्मरक्षणाच्या सदरात येत नाही. त्याच वेळी न्यायालयाने हेही मान्य केले की, जिवावर बेतलेल्या माणसाचे वर्तन सोनाराच्या काट्यावर तोलावयाचे नसते.

दुसरे प्रकरणही पंजाबातलेच आणि त्याहून बोधप्रद. येथे तंटा दोन सख्ख्या भावांच्या घरांमधला, तोही शेतीवरून. १९९१ साली एका भावाने दुसऱ्याच्या डोक्यावर गंडासा, म्हणजे लांब दांड्याचा कोयता, घातला. बाप रक्तबंबाळ झालेला पाहून त्याच्या मुलाने बंदूक झाडली आणि चुलता मेला. सत्र न्यायालयाने मुलास सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने आत्मरक्षण मान्य करून त्यास मुक्त केले. तात्पर्य, मुलाचे कृत्य कायद्याने योग्य होते. परंतु ते योग्य होते एवढे शेवटचे ऐकावयास त्याला एकोणीस वर्षे लागली. "कायदा आपले काय करणार?" असे विचारणाऱ्याने या एकोणीस वर्षांचा हिशेब मनात मांडून पाहावा. तारखा, जामीन, वकिलांची देणी, शेतीची हेळसांड, मुलीचे लग्न जुळविताना येणाऱ्यांच्या डोळ्यांतला प्रश्न; निकाल आपल्या बाजूने लागला तरी यांतले काहीच परत मिळत नाही.

शाबितीच्या भाराविषयीही पुष्कळांचा गैरसमज आढळतो. मरणारा चोर होता, तेव्हा सिद्ध काय ते सरकारने करावे, असे लोक समजतात. खुनाचा आरोप सिद्ध करणे हे सरकारचे काम खरेच. परंतु आपण आत्मरक्षणार्थ वागलो, हा अपवाद दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. सुदैवाने तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. तसे घडले असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दिसले तरी पुरते, आणि त्याकरिता सरकारी पुराव्यातील गोष्टींचाही आधार घेता येतो. मात्र गोळी पाठीत लागलेली असेल, आणि प्रेत घराबाहेर कुंपणापाशी पडलेले असेल, तर संभवाचा काटा कोणीकडे झुकेल हे सांगावयास ज्योतिषी नको. सद्‌बुद्धीने, पूर्वयोजना नसताना, जरुरीपेक्षा अधिक बळ वापरले गेले असे ठरले, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. पण त्यासही आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे.

आता कायद्याचे असे एक उदाहरण सांगतो, ज्याने आमची झोप उडविली. दुसऱ्याच्या गैरसमजुतीतून आपल्यावर हल्ला झाला तर काय, हे सांगताना कायदा असा प्रसंग कल्पितो: एक मनुष्य रात्री अशा घरात शिरतो की जेथे शिरण्याचा त्यास हक्कच आहे. आतला मनुष्य त्यास प्रामाणिकपणे घरफोड्या समजतो आणि त्याच्यावर हल्ला करतो. आतल्याचा गुन्हा नाही, कारण त्याची समजूत प्रामाणिक होती. आणि बाहेरून आलेल्यास उलट प्रतिकाराचा पूर्ण हक्क आहे, कारण तो चोर नव्हता. दोघेही निर्दोष!

हे वाचताच आम्हास काही वर्षांपूर्वीची भाद्रपदातली एक रात्र आठवली. गणपतीसाठी आम्ही गावी गेलो होतो. पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. अण्णांचा नातू पुण्याहून दुसऱ्या दिवशी यावयाचा, तो एक दिवस आधीच निघाला. गाडी रखडली आणि रात्री दोनच्या सुमारास तो घरी पोहोचला. सर्वांची झोपमोड नको म्हणून तो परसदारी गेला आणि फटीतून काटकी घालून आतला अडसर सरकवू लागला. लहानपणापासूनची ती त्याची युक्ती. खडखड ऐकून अण्णा उठले. त्यांनी बंदूक घेतली, काडतूस भरले आणि माजघराच्या उंबऱ्यात उभे राहून दोनदा विचारले, "कोण आहे?" उत्तर आले नाही. येणार कसे? मुलाच्या दोन्ही कानांत गाणी ऐकण्याची बोंडे होती. अडसर पडला, दार उघडले, काळोखात एक आकृती आत आली. तेवढ्यात आमच्या वहिनींनी मागून विजेरीचा झोत टाकला. पाठीवर पिशवी घेतलेला, नखशिखांत भिजलेला त्यांचा नातू उभा होता. अण्णांनी काही न बोलता बंदूक उघडून काडतूस काढले. त्या रात्रीविषयी ते पुढे कधीही बोलले नाहीत. परंतु दुसऱ्या दिवसापासून काडतुसांचा डबा वहिनींच्या कपाटात गेला, आणि कपाटाची किल्ली वहिनींच्या कमरेला.

त्या रात्री चाप ओढला गेला असता तर? रात्रीची वेळ, अडसर काढून झालेला शिरकाव, दोनदा विचारूनही मौन. न्यायालयाने अण्णांस कदाचित निर्दोष सोडलेही असते. त्या निर्दोषपणाचे अण्णांनी काय केले असते?

ज्या वाचकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांनी तर हा विचार दुप्पट करावा. कारण तेथे बंदुका घरोघरी, आणि घरमालकाच्या हक्काचे कायदे राज्यागणिक निराळे. १९९२ सालच्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीस निघाला असता चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकाने बंदूक रोखून त्यास जागीच थांबावयास फर्माविले. ते इंग्रजी फर्मान परक्या मुलास नीट उमजले नाही, तो पुढे आला आणि प्राणास मुकला. १९९३ साली ज्यूरीने घरमालकास निर्दोष ठरविले. परंतु दुसऱ्या वर्षी दिवाणी दाव्यात मुलाच्या आईबापांस सुमारे साडेसहा लक्ष डॉलर भरपाई देण्याचा त्याच्याविरुद्ध हुकूम झाला. फौजदारीतून सुटलेला मनुष्य दिवाणीत सापडतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बंदुकीऐवजी विजेची तार कुंपणास लावून निश्चिंत झोपणाऱ्यांनीही स्वतःस शहाणे समजू नये. बिहारमधील एका गृहस्थाने आपल्या शौचकूपाकडे शेजाऱ्यांनी येऊ नये म्हणून उघडी तार वीज सोडून ठेवली होती. शेजारची एक स्त्री तिला लागून मेली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. विनापरवाना आत आलेला मनुष्य झाला तरी त्याचा प्राण मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, हे त्यातले सार. डुकरांसाठी रात्री तारेत वीज सोडणाऱ्या आमच्या कोकणातील बागाईतदारांनी हे मनावर घ्यावे. तारेला "कोण आहे?" असे विचारता येत नाही.

राहता राहिला परवाना. एकत्र कुटुंबात "घराची बंदूक" हा शब्द सर्रास ऐकू येतो. पण कायद्याच्या दृष्टीने अशी वस्तूच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. तो अण्णांचा होता, अण्णांबरोबर संपला. मागे राहिलेल्यांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे, असे त्या अधिनियमाचे एकविसावे कलम सांगते. वारसास आपल्या नावे परवाना मागता येतो. तो मिळेपर्यंत बंदूक खुंटीवर टांगून ठेवणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे होय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास सामान्यतः दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. विनापरवाना बंदुकीने खरोखरीचे आत्मरक्षण केले तर आत्मरक्षणाचा बचाव बुडत नाही. मात्र शस्त्राचा गुन्हा वेगळा उभा राहतोच. शिवाय परवाना असला तरी शस्त्र प्रसंगी हाताशी असेलच असे नाही. निवडणुकीच्या दिवसांत पुष्कळ परवानेधारकांस ते ठाण्यात जमा करावे लागते.

हे सर्व पुतण्यांपुढे ठेवून आम्ही निवाडा दिला, आणि तेराव्या दिवसानंतर आठवडाभरात बंदूक ठाण्यात जमा होऊन पावती वहिनींच्या हाती आली. थोरल्याचे समाधान झाले नाही. वारस म्हणून त्याने स्वतःच्या नावे अर्ज केला आहे. तो त्याचा हक्क आहे आणि आम्ही त्यास मना केले नाही. निर्जन वाडीत वृद्ध आईला घेऊन जो राहतो, त्याच्या भीतीला शहरातून उत्तर देणे सोपे असते, हे आम्ही जाणतो. मात्र परवाना आलाच, तर काडतुसांची किल्ली पूर्वीच्याच जागी राहील, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

दरम्यान त्या घरात पुढील गोष्टी झाल्या आहेत, आणि त्या कोणत्याही घरात करण्याजोग्या आहेत. परसदाराचा लाकडी अडसर काढून लोखंडी कडी बसविली. अंगणात व विहिरीपाशी विजेवर भरून ठेवता येणारे दिवे लावले. वीज गेली तरी ते जळतात. शेजारच्या तीन घरांशी ठरले की, एकाने थाळी वाजविली तर तिघांनी दिवे लावून ओरडत बाहेर यावे. ११२ हा क्रमांक दूरध्वनीजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आणि सर्वांस सांगून ठेवले आहे की, कधी काळी कोणाच्या हातून चोरास जबर इजा झालीच, तर प्रथम त्यास दवाखान्यात पोहोचविण्याची व्यवस्था करावी, पोलिसांस आपणच कळवावे, घटनास्थळीची वस्तू हलवू नये आणि घडले तेवढेच, न वाढविता व न लपविता, सांगावे. लपविलेली एक गोष्ट खऱ्या आत्मरक्षणासही खोटे पाडते.

तरुण मंडळींसाठी आणखी एक नियम केला आहे, तो आमच्या नातवंडांस फारसा आवडलेला नाही. रात्री दहानंतर घरी येणाऱ्याने, मग तो घरचा असला तरी, आगाऊ कळवावे, कानांतली बोंडे काढावीत, पुढच्या अंगणात उभे राहून मोठ्याने आपले नाव सांगावे आणि आतून दार उघडेपर्यंत तेथेच थांबावे.